पासवर्ड बरोबर, तरीही परवानगी नाही: पुण्यातून कऱ्हाडचा लिनक्स संगणक वापरताना

कऱ्हाडच्या घरी एक डेस्कटॉप आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण), एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आणि यूएसबीने जोडलेला एक फ्लॅटबेड स्कॅनर. मी पुण्यात असते. अण्णांनी उसाच्या शेतीच्या वह्या लिहून ठेवल्या आहेत. लागण कधी केली, आडसाली की सुरू, खोडवा ठेवला की मोडला, कुठल्या पट्टीला किती खत घातलं, तोड कधी आली, पाऊस कधी उघडला. को ८६०३२ या जातीचा ऊस आमच्या रानात पहिल्यांदा कधी लावला, तेही त्यातच सापडतं. कागद पिवळे पडलेत, काही पानांना कसर लागली आहे. त्यामुळे ठरलं असं की आई वही काचेवर ठेवणार आणि मी पुण्यातून त्याच संगणकावर शिरून स्कॅन घेणार, पान सरळ करणार, फाइलला नाव देणार. "तू तिकडनं बटण दाब, मी इकडं पानं उलटते," हे आईचंच म्हणणं.

यासाठी एक्सआरडीपी बसवलं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची जी भाषा, आरडीपी, ती लिनक्सवर बोलणारा हा सर्व्हर. पुण्याच्या लॅपटॉपवर रेमिना हा दुरून जोडायचा प्रोग्राम आहे, तिथून जोडायचं. बसवायला काहीच वेळ लागत नाही. सगळा वेळ गेला तो परवानग्यांमध्ये, आणि त्यातून जे समजलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. कारण नेटवर या अडचणींवर जे उपाय सर्रास सांगितले जातात ते बहुतेक "सगळं सगळ्यांना उघडं करा" या जातीचे आहेत. मला ते मनापासून पटत नाहीत.

लिनक्स दोन वेगवेगळे प्रश्न विचारतं. तू कोण? आणि तू कुठे बसली आहेस? पासवर्ड पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. दुसऱ्याचं उत्तर तो देऊ शकत नाही. घरातल्या माणसाने कपाट उघडलं तर कुणी विचारत नाही, पण त्याच माणसाचा फोन आला आणि "कपाट उघडून अमुक काढून दे" म्हणाला, तर आपण दोनदा खात्री करतो. संगणकही तेच करतो, आणि योग्यच करतो.

आधी रस्त्याबद्दल थोडक्यात. घरच्या फायबर जोडणीला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नाही, अनेक घरं एकाच पत्त्यामागे असतात. त्यामुळे एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरमार्गे वायरगार्ड, म्हणजे दोन संगणकांमधली खाजगी वाट, टाकलं (लिनक्स कर्नलमध्ये ते ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहेच) आणि त्यावरून एसएसएचचा, म्हणजे कूटबद्ध जोडणीचा, बोगदा. एक्सआरडीपीच्या फाइलमध्ये पोर्टच्या ओळीत फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर, ऐकायला सांगितलं. ज्यांना सार्वजनिक पत्ता आहे त्यांनी आरडीपीचं ३३८९ पोर्ट राउटरवरून थेट बाहेर उघडू नये. पासवर्डचे अंदाज बांधणारे प्रोग्राम त्या पोर्टवर रात्रंदिवस दारं ठोठावत असतात.

पहिली गोष्ट लॉगमध्ये दिसली, पडद्यावर नाही. जोडणी झाली, लॉगिनची निळी खिडकी आली, सगळं ठीक वाटत होतं. तरी सवयीने एक्सआरडीपीचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडला, तर त्यात लिहिलेलं: खाजगी किल्लीची फाइल वाचता येत नाही, परवानगी नाकारली. डेबियनमध्ये एक्सआरडीपीची किल्ली म्हणजे यंत्रणेने आपोआप तयार केलेल्या प्रमाणपत्राच्या किल्लीकडे नेणारा एक दुवा असतो. ती मूळ फाइल फक्त रूटला (सर्वाधिकार असलेल्या खात्याला) आणि 'एसएसएल-सर्ट' नावाच्या गटाला वाचता येते. एक्सआरडीपी ज्या खात्याने चालतं ते खातं त्या गटात नसतं. मग ते टीएलएस, म्हणजे आजची भक्कम कूटबद्धता, सोडून देतं आणि आरडीपीच्या जुन्या, कमकुवत कूटबद्धतेवर उतरतं. पडद्यावर तक्रार नाही, काम चालू. हे मला सगळ्यात घातक वाटतं, कारण जे बंद पडत नाही ते कुणी तपासत नाही. उपाय एका ओळीचा: एक्सआरडीपीच्या खात्याला त्या गटात घालायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. किल्लीची फाइलच सगळ्यांना वाचता येईल अशी करा, असाही सल्ला दिसतो. खाजगी किल्ली सगळ्यांना वाचता आली तर ती खाजगी कसली?

दुसरा अडथळा जास्त त्रासाचा. सुरुवातीला त्या संगणकावर एकच खातं होतं, आईचं. आईने सकाळी लॉगिन केलेलं असायचं. मी त्याच नावाने पुण्यातून गेले की पासवर्ड स्वीकारला जायचा, क्षणभर काळा पडदा, आणि जोडणी तुटायची. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगणारी ओळ आली असती. इथे ओळखही पटत होती आणि हाकलूनही दिलं जात होतं. सेशन सांभाळणाऱ्या सेसमॅनच्या लॉगमध्ये इतकंच होतं की विंडो मॅनेजर सुरू होताच बंद पडला.

कारण असं. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समधल्या सेवा आणि सेशन सांभाळणारा प्रोग्राम, प्रत्येक वापरकर्त्यासाठी, तो कितीही ठिकाणांहून आला तरी, निरोपांची एकच वाहिनी ठेवतं. तिला डी-बस म्हणतात. आईचं एक्सएफसीई त्या वाहिनीवर आपलं नाव नोंदवून बसलेलं. माझं दुसरं एक्सएफसीई येतं, तेच नाव मागतं, ते आधीच घेतलेलं असतं, म्हणून निमूट बाहेर पडतं. आईला लॉग-आउट करायला सांगितलं की मी आत जाऊ शकत होते, म्हणजे निदान पक्कं झालं.

यावर नेटवर सांगितला जाणारा उपाय असा की एक्सआरडीपीच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये डी-बसचा पत्ता आणि रनटाइम फोल्डरचा पत्ता पुसून टाकायचा, म्हणजे दुसरं सेशन स्वतंत्र वाहिनी उघडतं. चालतं ते. पण मग एकाच खात्याची दोन डेस्कटॉप एकाच सेटिंगच्या फाइलींवर एकाच वेळी लिहीत राहतात, आणि रनटाइम फोल्डरवर विसंबणारे प्रोग्राम, विशेषतः आवाजाचे, वाट चुकतात. मी ते केलं नाही. माझ्यासाठी वेगळं खातं काढलं. घरात दोन माणसं संगणक वापरतात तर दोन खाती असावीत, इतकं ते साधं आहे.

वेगळं खातं काढल्यावर फाइलींचा प्रश्न येतोच. स्कॅन मी घेणार, पण आईला ते बघता आणि कधी नाव सुधारता आलं पाहिजे. त्यासाठी 'वह्या' या अर्थाचा एक गट केला, दोघींना त्यात घातलं, आणि एसआरव्ही फोल्डरखाली एक सामायिक फोल्डर त्या गटाच्या नावे केला. त्याला सेट-जीआयडी बिट लावला की आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप त्याच गटाची होते. पण तेवढ्याने पुरत नाही. नेहमीच्या उमास्कमुळे (नव्या फाइलींच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) गटाला फाइल वाचता येते, बदलता येत नाही. म्हणून सेटएफएसीएल या आज्ञेने त्या फोल्डरवर मूलभूत परवानगीही नेमून दिली. हा भाग एकदा केला की विसरून जाता येतो.

आता पॉलकिट, म्हणजे कुठल्या कृतीला कुणाला परवानगी द्यायची ते ठरवणारी लिनक्सची यंत्रणा. नव्या खात्याने आत गेले, डेस्कटॉप दिसला, आणि लगेच मधोमध एक खिडकी: रंग-व्यवस्थापनाचं उपकरण तयार करायला प्रमाणीकरण हवं. ती रद्द केली तर थोड्या वेळाने दुसरी: वाय-फाय शोधायला यंत्रणेच्या धोरणाची मनाई आहे. दोन्ही गोष्टी मी मागितलेल्याच नव्हत्या. डेस्कटॉप स्वतःहून पार्श्वभूमीला करत होता.

इथे तो दुसरा प्रश्न उघड दिसतो. लॉगिनसीटीएल या आज्ञेने सेशनची यादी काढली, तर आईच्या सेशनपुढे 'सीट-शून्य' असं लिहिलेलं आणि माझ्यापुढची जागा रिकामी. सीट म्हणजे प्रत्यक्ष पडदा, कळफलक आणि माउस यांचा संच. मी नेटवर्कवरून आलेली, मला सीट नाही. पॉलकिटच्या प्रत्येक कृतीला तीन रकाने असतात: सीटवर बसून काम करणाऱ्यासाठी, सीटवर लॉगिन असून सध्या मागे असलेल्यासाठी, आणि बाकी कुणासाठीही. रंगाच्या कृतीला पहिल्या रकान्यात 'हो' आहे, उरलेल्या दोन्हींत 'व्यवस्थापकाचा पासवर्ड'. मी तिसऱ्या रकान्यात पडत होते. पीकेॲक्शन ही आज्ञा तपशिलासह चालवली की हे तिन्ही रकाने दिसतात. नेटवर काही शोधण्याआधी ते बघावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण आपल्याला नक्की काय नाकारलं जातंय ते तिथे लिहिलेलं असतं.

जुन्या लेखांतून एक फाइल सर्वत्र फिरते, शेवटी 'पीकेएलए' असलेली. ती फाइल तंतोतंत टाकूनही डेबियन १२ वर काही होत नाही, आणि लोकांना वाटतं आपलं टंकलेखन चुकलं. टंकलेखन बरोबरच असतं. डेबियन अनेक वर्षं पॉलकिटच्या ०.१०५ या जुन्या आवृत्तीवर थांबलेलं होतं. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते थेट १२२ वर गेलं, आणि नव्या पॉलकिटला नियम जावास्क्रिप्टमध्ये लागतात. जुन्या फाइली वाचायच्या तर वेगळं पॅकेज टाकावं लागतं. मी ईटीसीखालच्या पॉलकिटच्या 'रूल्स-डी' फोल्डरमध्ये चार ओळींचा नियम लिहिला: कृतीचं नाव रंग-व्यवस्थापनापासून सुरू होत असेल आणि मागणारं खातं माझं असेल, तर हो म्हण. वाय-फायच्या शोधासाठी तसाच एक. बस्स.

"सूडो गटातल्या सगळ्यांना सगळ्या कृतींना हो म्हणा" असाही एक नियम दिसतो. सूडो म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्यांचा गट. तो टाकला की खिडक्या थांबतात, हे खरं. पण मग माझ्या सेशनमध्ये चालणारा कुठलाही प्रोग्राम न विचारता पॅकेज बसवू शकतो, डिस्क पुसू शकतो. दोन त्रासदायक खिडक्यांसाठी ही किंमत मोजू नये.

ज्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या स्कॅनरने खरा धडा दिला. मी डॉक्युमेंट स्कॅनर हा प्रोग्राम उघडला, तर "स्कॅनर सापडला नाही". फोन लावला.

"आई, स्कॅनरचा दिवा हिरवा आहे का बघ."

"हिरवाच आहे की. तू काल गेल्यावर मी आपल्या गॅसच्या पुस्तकाचं पान काढलं त्यावर."

म्हणजे त्याच संगणकावर तिला स्कॅनर आहे आणि मला नाही. आता मात्र शोधायची दिशा ठाऊक होती. एलएसयूएसबी या आज्ञेने स्कॅनर कुठल्या यूएसबी बसवर कितव्या क्रमांकाला आहे ते पाहिलं आणि त्या उपकरणाच्या फाइलवर परवानग्या दाखवणारं गेटएफएसीएल चालवलं. उत्तरात दोन ओळी महत्त्वाच्या. एक आईच्या नावाची, वाचायची-लिहायची परवानगी असलेली. दुसरी 'स्कॅनर' नावाच्या गटाची, तीच परवानगी असलेली. माझं नाव कुठेच नाही.

पहिली ओळ कुणी हाताने लिहिलेली नसते. सीटवर जो वापरकर्ता चालू असेल त्याच्या नावे सिस्टमडी ती स्वतः लिहितं आणि तो उठला की काढून घेतं. स्कॅनर, कॅमेरा, साउंडकार्ड या सगळ्यांना हीच पद्धत. याचा अर्थ लक्षात घ्या: दुरून लॉगिन केलेल्या कुणालाही घरातला कॅमेरा आपोआप मिळत नाही. ही सोय ज्यांनी विचार करून ठेवली त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर वाटतो. आईच्या खोलीतल्या संगणकाला वेबकॅम आहे. तो कोण चालू करू शकतं हा प्रश्न माझ्यासाठी नुसता तांत्रिक नाही.

दुसरी ओळ हा माझा मार्ग होता. डेबियन इन्स्टॉल करताना जे पहिलं खातं तयार होतं ते इन्स्टॉलर आपणहून ऑडिओ, व्हिडिओ, स्कॅनर अशा गटांत घालतो. नंतर काढलेल्या खात्याला हे गट मिळत नाहीत. पहिलं खातं आईचं, दुसरं माझं. मी स्वतःला फक्त 'स्कॅनर' गटात घातलं. ऑडिओ नाही, व्हिडिओ नाही, कारण मला ते लागत नाहीत.

तरीही स्कॅनर सापडेना. इथे बरेच जण वैतागून उपकरणाला ६६६ परवानगी, म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहायची मुभा, देऊन मोकळे होतात. पण कारण वेगळं असतं. गटाची मोजणी आत शिरताना एकदाच होते. रेमिनाची खिडकी बंद केली म्हणजे लॉग-आउट झालं असं नाही. एक्सआरडीपी सेशन तसंच जिवंत ठेवतं आणि पुन्हा जोडलं की जुन्या सेशनमध्येच नेऊन सोडतं, जुन्याच गटांसह. नुसतं 'आयडी' म्हटलं की या सेशनला मिळालेले गट दिसतात आणि 'आयडी' पुढे स्वतःचं नाव लिहिलं की नोंदीतले. दोन्हींत फरक दिसला की समजायचं, मेनूतून रीतसर लॉग-आउट करून परत यायला हवं. तसं केलं आणि स्कॅनर यादीत आला. मी बटण दाबलं तेव्हा आई फोनवरच होती. "निघाला गं दिवा काचेखालून!" असं ती जवळजवळ ओरडलीच. त्या दिवशी पहिली वही अर्धी झाली.

बाहेरचं दारही नंतर नीट घट्ट केलं. सेसमॅनच्या फाइलमध्ये सुरक्षेचा एक भाग असतो. त्यात रूटला दुरून लॉगिनची मुभा मुळातच 'हो' असते, ती 'नाही' केली. त्याखाली 'टीएसयूझर्स' या गटाचा उल्लेख आहे, म्हणजे दुरून यायची परवानगी असलेल्यांचा गट. मात्र गटतपासणीची ओळ 'नाही'वर असेल आणि तो गट यंत्रणेत अस्तित्वातच नसेल, तर सगळ्यांना आत घेतलं जातं. फाइलमधल्या टिपेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ती टीप वाचतं कोण. मी तो गट तयार केला, त्यात फक्त माझं खातं ठेवलं आणि गटतपासणी सक्तीची केली. आईचा पासवर्ड तिला सहज आठवेल असा सोपा आहे, आणि तो तसाच राहावा अशी माझी इच्छा आहे. तिने घरात बसून वापरायच्या संगणकाला अवघड पासवर्ड का लक्षात ठेवावा? तिच्या खात्याला दुरून दारच नसलं की तो सोपा असून भागतं.

लिनक्सवर डेस्कटॉपचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या एक्स या प्रोग्रामची जी रॅपर फाइल असते, तिच्यात 'कन्सोल' काढून 'एनीबडी' लिहा, हाही सल्ला जवळजवळ प्रत्येक लेखात आहे. डेबियनवर त्याची गरज पडली नाही. डेबियनच्या सेसमॅनमध्ये एक्सऑर्गचा, म्हणजे त्याच एक्सचा, थेट मार्ग दिलेला असतो, त्यामुळे तो रॅपर वाटेत येतच नाही. दुसऱ्या वितरणावर "फक्त कन्सोलवरच्या वापरकर्त्यांना परवानगी" अशी ओळ लॉगमध्ये आली तर आधी सेसमॅनमधला हा मार्ग तपासा. तिथेच नमुन्यादाखल फेडोरा, डेबियन, आर्च यांचे मार्ग दिलेले आहेत.

अजून एक विचित्र प्रकार, ज्याने बॅकअप अडवला. रात्री रूटच्या नावाने चालणारा बॅकअप माझ्या होम फोल्डरमधल्या 'थिनक्लायंट-ड्राइव्हज' या फोल्डरपाशी परवानगी नाही म्हणून कुरकुरायचा. रूटला परवानगी नाही हे वाचून कुणीही चक्रावेल. तो फोल्डर म्हणजे पुण्याच्या लॅपटॉपवरच्या फाइली तिकडे दिसाव्यात म्हणून एक्सआरडीपीने फ्यूजने (साध्या प्रोग्रामलाही फोल्डर जोडू देणारी लिनक्सची सोय) जोडलेली जागा असते, आणि फ्यूजची जोडणी ज्याने केली त्याच्याखेरीज कुणालाही, अगदी रूटलाही, मुळात दिसत नाही. तिथे चमोड, चोन या परवानगी आणि मालक बदलायच्या आज्ञा चालवत बसण्यात अर्थ नाही. बॅकअपमधून तेवढा फोल्डर वगळला.

संगणक बंद करण्याची परवानगी मात्र मी पॉलकिटमध्ये मुद्दाम उघडली नाही. आई समोर बसलेली असताना पुण्यातून माझ्या हातून एका क्लिकने संगणक बंद पडू नये. पासवर्ड विचारतो, विचारू दे.

डेबियन १३ आलं आहे आणि त्यात एक्सआरडीपीची ०.१० ही पुढची मालिका आहे. अपग्रेडच्या वेळी सेसमॅनची फाइल बदलायची की माझी ठेवायची असं विचारलं जाईल. तेव्हा जुनी शेजारी ठेवून सुरक्षेच्या ओळी एकेक करून नव्या फाइलमध्ये उतरवायच्या आहेत. पॉलकिटचे नियम मी लिहिलेल्या वेगळ्या फाइलमध्ये असल्यामुळे त्यांना धक्का लागणार नाही. हे अपग्रेड मी दुरून करणार नाही. मधेच एक्सआरडीपी पुन्हा सुरू झालं तर ज्या खिडकीत अपग्रेड चालू आहे तीच खिडकी जाईल. यंदाची तोड झाली की कऱ्हाडला जायचं आहेच. तेव्हा समोर बसून, साध्या कन्सोलवर, उरलेल्या वह्या काचेवर ठेवायच्या आधी ते उरकून घेईन.